आदिपाप म्हणजे काय?

बाळाच्या स्नानसंस्कारापूर्वी आईवडिलांशी बोलताना आम्हां धर्मगुरूंना एक प्रश्न हमखास विचारला जातो : या तान्ह्या जिवाने अजून डोळेही नीट उघडलेले नाहीत, मग त्याचे कोणते पाप धुवायचे? प्रश्न रास्त आहे. ‘पाप’ हा एकच शब्द ख्रिस्तसभा येथे दोन अर्थांनी योजते आणि घोटाळा तेथेच होतो.

मनुष्य जाणूनबुजून व स्वेच्छेने देवाच्या आज्ञेविरुद्ध वागतो, ते वैयक्तिक पाप. त्याची जबाबदारी त्याच्यावरच असते. आदिपाप हे मात्र बाळाने केलेले कृत्य नव्हे. ती त्याला जन्मतः प्राप्त झालेली अवस्था होय. उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय सांगतो की, आदाम आणि एवा यांनी देवावरचा भरवसा सोडला. त्याबरोबर देवाच्या मैत्रीत राहण्याचे मूळ पावित्र्यही त्यांनी गमावले. जे त्यांच्यापाशी उरले नाही, ते त्यांना वंशजांस देता आले नाही. बापाने जमीन घालवली तर मुले भूमिहीन जन्मतात. त्यांनी गुन्हा केलेला नसतो, तरी नुकसान त्यांच्या वाट्याला येतेच. (ही उपमा अपुरी आहे. जमीन माणसाच्या बाहेर असते; ही हानी त्याच्या आत झालेली आहे.) १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात हा भेद स्पष्टपणे नोंदवला आहे.

या शिकवणुकीला दोन बाजूंनी विरोध झाला. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस याने असे प्रतिपादले की, आदामाने केवळ वाईट उदाहरण घालून दिले. मनुष्य स्वतःच्या बळावर निष्पाप राहू शकतो. संत ऑगस्टीन यांनी त्याचे खंडन केले आणि इ. स. ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मसभेने ते मत नाकारले. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारकांनी दुसरे टोक गाठले : मानवी स्वभाव पतनाने पुरता भ्रष्ट झाला आहे, असे ते म्हणू लागले. ट्रेंट येथील विश्वपरिषदेने १७ जून १५४६ रोजी आदिपापाविषयीचा निर्णय जाहीर केला. कॅथॉलिक श्रद्धेनुसार मानवी स्वभाव जखमी झाला आहे, मृत नव्हे.

जखमी आणि मृत यांतील अंतर समजून घेण्यासाठी परभणी जिल्ह्यातील, सेलू तालुक्यातील वालूर गावच्या बारवेकडे पाहावे. तिच्या पायऱ्या गोलाकार वळत खाली पाण्यापर्यंत उतरतात. अशी रचना महाराष्ट्रात फारच थोड्या ठिकाणी आढळते. मराठवाड्यातील कितीतरी जुन्या बारवांप्रमाणे तीही केरकचऱ्याने व गाळाने बुजत चालली होती. अलीकडच्या वर्षांत ग्रामस्थांनी ती साफ केली. गाळ साचलेल्या बारवेचे पाणी पिण्याजोगे राहत नाही, हे खरे. पण म्हणून तिचे झरे आटलेच असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मानवी स्वभावाचेही तसेच आहे. तथापि बारव स्वतःचा गाळ स्वतः उपसू शकत नाही, आणि पेलाजियसची चूक नेमकी हीच होती.

स्नानसंस्काराने आदिपाप पुसले जाते. परंतु वासनेकडे असलेला कल मनुष्यात उरतोच. ट्रेंटच्या शिकवणुकीनुसार हा कल स्वतः पाप नव्हे, तो झुंजीसाठी उरलेला असतो. बारव एकदा साफ केली म्हणजे पुढच्या पावसाळ्यात गाळ येणारच नाही, असे नसते. प्रायश्चित्त संस्काराकडे वारंवार का यावे, याचे उत्तर येथे आहे. कुमसाराला जाण्यास लाजणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

मराठी भाषकांना ही शिकवण प्रथम विस्ताराने सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणात तारणाऱ्याच्या जन्माआधी सृष्टीची उत्पत्ती आणि आदिमातापित्यांचे पतन येते. ओवीचा छंद ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा होता, विचार मात्र नवा होता. आपल्याकडे दुःखाचे कारण पूर्वसंचितात शोधण्याची रीत जुनी आहे, आणि ख्रिस्ती घरेही तिच्यापासून मुक्त नाहीत. मूल अपंग जन्मले की शेजारीपाजारी आईचे किंवा बापाचे पाप शोधू लागतात. त्या आईच्या मनावर काय गुदरत असेल! योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाविषयी नेमके हेच विचारले, आणि प्रभू येशूने त्याचे पापही नाकारले व त्याच्या आईवडिलांचेही. आदिपापाच्या शिकवणुकीचा आधार घेऊन एखाद्या कुटुंबाकडे बोट दाखवणे म्हणजे ती शिकवण उलटी करणे होय. सर्व मानव सारखेच जखमी आहेत, बोट दाखवणाराही.

राहिला सर्वांत अवघड प्रश्न. स्नानसंस्कार होण्यापूर्वीच बाळ दगावले तर? मध्ययुगीन ईशज्ञानी अशा बालकांसाठी ‘लिंबो’ नावाची अवस्था कल्पीत असत. तो कधीही श्रद्धासिद्धांत नव्हता. २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात, या बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास गंभीर कारणे आहेत, असा निष्कर्ष मांडला. ही खात्री नव्हे, आशा आहे. परंतु ती देवाच्या दयेवर उभी आहे. म्हणून ख्रिस्तसभा अशा बाळाला परमेश्वराच्या दयेवर सोपवते. ज्या बाळाला स्नानसंस्कार देण्याचा आईवडिलांचा मानस होता, त्याचा अंत्यविधी ख्रिस्तसभेच्या रीतीने करण्यास महागुरुस्वामी अनुमती देऊ शकतात. ही तरतूद कित्येक पालकांना ठाऊक नसते. त्यांनी आपल्या धर्मग्रामाच्या फादरांना निःसंकोच भेटावे.