जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय, पुणे

पुण्याच्या कोथरूड भागात, कर्वे रस्त्यालगतच्या जी. ए. कुलकर्णी पथावरील खासगी संग्रहालय. स्थापना १ एप्रिल १९९८. संस्थापक भाऊसाहेब जोशी. पुणेकरांच्या तोंडी भाऊ जोशी. सुरुवातीपासून हे संग्रहालय जोशी कुटुंबच चालवते. ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज’ असे त्याचे नाव असले, तरी काचेच्या कपाटातल्या जुन्या वस्तू पाहायला इथे कोणी येत नाही. इथे पाहायचे ते एक धावते शहर.

एका मोठ्या मांडणीवर हे छोटे शहर वसवले आहे. त्यात रूळ, सांधे, पूल आणि रस्त्यावरचे दिवे तर आहेतच; शिवाय सर्कस, पोहण्याचा तलाव आणि मोटारीत बसून चित्रपट पाहण्याचे थिएटरही आहे. सिग्नल पासष्टच्या आसपास आहेत. निवेदन सुरू होते, प्रकाश बदलतो आणि एकेक गाडी निघते. मुलांची नजर इंजिनामागे धावते. मोठ्यांचे लक्ष बहुधा सिग्नलकडे जाते. एक गाडी थांबली की दुसरीला वाट मिळते, हे खऱ्या रेल्वेचे मूळ सूत्र इथे एका दृष्टिक्षेपात कळते. फलाटावर उभे राहून ते कधीच इतके स्पष्ट दिसत नाही.

मांडणीचे प्रमाण १:८७, म्हणजे हौशी मंडळींच्या भाषेत ‘एचओ’. या प्रमाणात साडेतेवीस मीटरचा डबा जेमतेम २७ सेंटिमीटरचा होतो आणि ताशी १०० किलोमीटरचा वेग सेकंदाला सुमारे ३२ सेंटिमीटरवर येतो. एचओ रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते, कारण ते १,४३५ मिलिमीटरच्या युरोपीय रुळांवरून ठरले आहे. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची. तिचे खरे लघुरूप १९ मिलिमीटरहून थोडे रुंद व्हायला हवे. भारतीय गाडीची हुबेहूब प्रतिकृती करू पाहणाऱ्याला हा पेच पहिल्याच दिवशी भेटतो. वळणांचेही तसेच. १७५ मीटर त्रिज्येचे वळण ब्रॉडगेजवर तीव्र समजले जाते, पण लघुरूपातही त्याला दोन मीटर त्रिज्या लागते, म्हणजे पुरे वर्तुळ चार मीटर रुंद. म्हणून लघुरेल्वेत वळणे खऱ्यापेक्षा कितीतरी आवळावी लागतात, आणि ती डोळ्यांना खटकू नयेत यासाठी बोगदे, डोंगर व इमारती नेमक्या जागी उभ्या कराव्या लागतात. कारागिराची खरी कसोटी तिथेच लागते.

अशा गाड्यांना वीज सहसा रुळांतूनच मिळते. चाक आणि रूळ यांच्यात धुळीचा पातळ थर आला, तरी इंजिन अडखळते. पुण्यातला उन्हाळ्याचा धुरळा आणि त्यामागून येणारी पावसाळी दमट हवा, दोन्ही या कामाचे वैरी. रूळ पुसणे, चाके साफ करणे, सांधे तपासणे हे काम प्रेक्षकांना दिसत नाही आणि संपतही नाही. पाव शतकाहून अधिक काळ एका घराने ते अंगावर घेतले, याचे मोल गाड्यांच्या संख्येत मोजता येणार नाही.

हॅम्बुर्गचे ‘मिनिआटूर वुंडरलांट’ हे जगातले सर्वांत प्रसिद्ध लघुशहर. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांच्या पुढाकाराने ते ऑगस्ट २००१ मध्ये उघडले. आकारात त्याची नि कोथरूडची तुलनाच नाही, पण कोथरूडच्या गाड्या त्याआधी तीन वर्षे धावू लागल्या होत्या, हे आवर्जून सांगायला हवे.

हे घडले तेही रेल्वेला जीव लावणाऱ्या गावात. पुण्याला गाडी आली ती १८५८ मध्ये. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या ‘दख्खनची राणी’ या गाडीचा वाढदिवस प्रवासी आजही स्थानकावर केक कापून साजरा करतात. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज ही मेट्रो सुरू झाली आणि कोथरूडमधून पूर्ण आकाराच्या गाड्याही धावू लागल्या. मुलांना घेऊन संग्रहालयाला येणाऱ्यांनी त्याच मार्गाने यावे. सिग्नल ओळखण्याचा सराव वाटेतच सुरू होईल.