द्वेषमूलक गुन्हे : नोंद आणि निकाल (मुळशी तालुका, जि. पुणे)

द्वेषमूलक गुन्हा म्हणजे जात, धर्म, भाषा किंवा जन्मस्थान यांच्या आकसातून केलेला गुन्हा. या नावाचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. त्यामुळे ठाण्याच्या दप्तरी असे प्रकार मारहाण, दंगल, धमकी अशा कलमांखाली विखुरतात. फिर्यादीत आकसाचा उल्लेख राहून गेला, तर पुढे तो सिद्ध करणे फार कठीण जाते. ठळक अपवाद म्हणजे अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, 1989. गावोगावी त्याला ‘ॲट्रॉसिटी’ म्हणतात.

तालुक्याचा बराच भाग पुणे ग्रामीण पोलिसांच्या पौड ठाण्याकडे आहे. तालुक्यातली हिंजवडी 2018मध्ये पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात गेली. हद्दीचे कारण सांगून मात्र फिर्याद नाकारता येत नाही. हद्दीबाहेरचा दखलपात्र गुन्हाही नोंदवून घ्यावाच लागतो.

ॲट्रॉसिटीचा तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारी करतो. साठ दिवसांत दोषारोपपत्र, विशेष न्यायालय, अटकपूर्व जामिनाला मनाई आणि पीडिताला टप्प्याटप्प्याने अर्थसाहाय्य, अशी या कायद्याची रचना. कर्तव्यात मुद्दाम कसूर करणाऱ्या लोकसेवकालाही कलम 4खाली शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018मध्ये कराडच्या एका महाविद्यालयातून उद्भवलेल्या प्रकरणात नोंदीपूर्वी प्राथमिक चौकशीची मुभा दिली होती. संसदेने त्याच वर्षी कलम 18अ घालून ती काढून घेतली. तरी एक अडथळा उरतोच. तपासात जातीचा दाखला लागतो आणि वाड्यावस्त्यांवरच्या अनेक कातकरी आदिवासी कुटुंबांकडे तो नसतो. ज्यांच्यासाठी कायदा केला, त्यांनाच तो कागदासाठी थांबवतो. हा मोठा अन्याय आहे.

आकस न्यायालयात टिकवणे किती अवघड, हे खैरलांजीने दाखवले. भंडारा जिल्ह्यातल्या या गावात 29 सप्टेंबर 2006 रोजी एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. आरोपींना शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटीची कलमे न्यायालयाने मान्य केली नाहीत.

धार्मिक आकसाची वाट आणखी बिकट. भारतीय न्याय संहितेच्या कलम 196खाली वैमनस्य पसरवल्याचा गुन्हा लागतो, मात्र न्यायालयाने दखल घेण्याआधी शासनाची मंजुरी लागते. हडपसरला जून 2014मध्ये झालेल्या मोहसीन शेख या मुस्लीम तरुणाच्या खुनाच्या खटल्यात जानेवारी 2023मध्ये पुणे सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. आता याच संहितेच्या कलम 103(2)मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात किंवा समुदाय, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणांवरून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे.

मुळशीत मे 2025मध्ये पौडच्या मंदिरात देवीच्या मूर्तीची विटंबना झाली. पोलिसांनी गुन्हा नोंदवून अटक केली. त्यानंतर या भागातल्या मुस्लीम व्यावसायिकांवर बहिष्कार टाकल्याच्या तक्रारीही पोलिसांकडे गेल्या. इथे कायद्याची फट दिसते. महाराष्ट्राचा 2016चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मुख्यतः जातपंचायतींसाठी, म्हणजे एकाच समाजातल्या बहिष्कारासाठी आहे. ॲट्रॉसिटीत आर्थिक बहिष्कार गुन्हा आहे, पण त्याचे संरक्षण फक्त अनुसूचित जाती-जमातींना. दुसऱ्या धर्माच्या दुकानदारावरचा बहिष्कार या दोहोंच्या मधून निसटतो.

ठाण्याने फिर्याद घेतली नाही, तर ती पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते आणि तिथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. नोंदवलेल्या फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. सही करण्याआधी ती वाचून घ्यावी आणि हल्लेखोरांनी उच्चारलेले शब्द तीत आले आहेत ना, हे पाहावे.