सिमियॉन मुराफा : रशियन अमलाखालील बेसराबियातील एका रुमानियन राष्ट्रवादी कार्यकर्त्याचे जीवन आणि मृत्यू

प्रास्ताविक

२० ऑगस्ट १९१७ रोजी बेसराबिया प्रांताची राजधानी असलेल्या चिशिनाऊ शहराच्या सीमेवरील एका द्राक्षमळ्यात दोन माणसांची हत्या झाली. मळ्याचे मालक अभियंता आंद्रेई होदोरोजा आणि त्यांचे मित्र सिमियॉन मुराफा हे ते दोघे होत. हल्लेखोर रशियन सैन्यातील शिस्त सोडलेले सैनिक होते. (रशियात त्या वेळी ज्युलियन पंचांग प्रचलित होते व ते आजच्या पंचांगाच्या तेरा दिवस मागे होते. प्रस्तुत लेखात १९१७-१८ मधील बेसराबियातील घटनांच्या तारखा त्या पंचांगानुसार दिल्या आहेत.) मृत्युसमयी मुराफा अवघ्या तीस वर्षांचे होते. बेसराबियातील रुमानियन भाषिकांच्या चळवळीतील ते एक अग्रणी कार्यकर्ते, पत्रकार आणि गायक होते.

पुढील काळात मुराफा यांना 'राष्ट्रीय हुतात्मा' म्हणून गौरविण्यात आले आणि नंतर तेवढ्याच निश्चयाने त्यांची स्मृती पुसण्यात आली. या दोन्ही प्रक्रियांत त्यांचे प्रत्यक्ष कार्य मात्र झाकोळले गेले. त्यांच्या मृत्यूचा अर्थ त्यांच्या मागण्यांच्या व त्या काळातील सत्तेच्या विघटनाच्या संदर्भात तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रूत आणि नीस्टर या दोन नद्यांमधील प्रदेश म्हणजे बेसराबिया. हा मूळचा मोल्दाव्हिया संस्थानाचा पूर्वार्ध होता आणि हे संस्थान ऑटोमन सुलतानाचे मांडलिक होते. १८१२ च्या बुखारेस्ट तहाने सुलतानाने हा भाग रशियाच्या स्वाधीन केला. प्रारंभी, १८१८ मध्ये, रशियाने या प्रदेशास मर्यादित स्वायत्तता दिली. परंतु १८२८ मध्ये ती काढून घेण्यात आली. क्रिमियन युद्धानंतर १८५६ मध्ये दक्षिणेकडील काही भाग मोल्दाव्हियाला परत मिळाला व १८७८ मध्ये तो पुन्हा रशियाकडे गेला. दरम्यान प्रूत नदीच्या पश्चिमेस मोल्दाव्हिया आणि वालाकिया ही संस्थाने एकत्र येऊन आधुनिक रुमानिया आकारास आला. बेसराबिया मात्र या संपूर्ण राष्ट्रनिर्मितीच्या बाहेर राहिला.

या अलगतेचे परिणाम दूरगामी ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळांमधून रुमानियन भाषेचे शिक्षण बंद झाले. न्यायालय, कचेरी आणि शाळा या तिन्ही ठिकाणी रशियन हीच भाषा राहिली. चर्चच्या कारभारातही रशियन व स्लाव्होनिक भाषांचा आग्रह वाढला. रुमानियात १८६० च्या दशकाच्या प्रारंभी सिरिलिक लिपी जाऊन लॅटिन लिपी रूढ झाली. बेसराबियात जे थोडेफार छापले जाई ते सिरिलिकमध्येच. परिणामी एकच भाषा बोलणारे लोक एकमेकांचे छापील शब्दही सहज वाचू शकत नव्हते.

१८९७ च्या जनगणनेनुसार बेसराबियाची लोकसंख्या सुमारे १९ लाख ३५ हजार होती. त्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांची मातृभाषा 'मोल्दाव्हियन', म्हणजेच रुमानियन, अशी नोंदली गेली. चिशिनाऊ शहरात मात्र ज्यू आणि रशियन भाषिकांचे प्राबल्य असून मोल्दाव्हियन भाषिक पाचव्या हिश्श्याहूनही कमी होते. ते प्रामुख्याने खेड्यांत राहत होते व त्यांच्यात साक्षरता फार अल्प होती. शेतकरी स्वतःला 'मोल्दाव्हियन' म्हणवत. 'रुमानियन' ही ओळख त्यांच्यापैकी बहुतेकांना अपरिचित होती. ज्यांच्या नावाने चळवळ करावयाची त्यांना वाचता येत नाही, आणि ज्यांना वाचता येते त्यांचे शिक्षण दुसऱ्याच भाषेत झालेले, अशी ही परिस्थिती होती. कोणत्याही कार्यकर्त्यापुढील पहिली अडचण हीच होती.

जडणघडण

सिमियॉन मुराफा यांचा जन्म १८८७ मध्ये सोरोका जिल्ह्यातील कोतिउझेनी मारी या गावी झाला. त्यांच्या पिढीतील अन्य मोल्दाव्हियन तरुणांप्रमाणे तेही उच्च शिक्षणासाठी कीव्ह येथे गेले, कारण बेसराबियात विद्यापीठ नव्हते. येथे इतिहासातील एक विसंगती लक्षात येते. साम्राज्याने ज्या शिक्षणव्यवस्थेतून या तरुणांना रशियन बनविण्याचा प्रयत्न केला, त्याच व्यवस्थेत त्यांना परस्परांचा आणि आपल्या भाषेचा शोध लागला. कीव्हमधील बेसराबियन विद्यार्थ्यांनी 'देश्तेप्तारेया', म्हणजे 'जागृती', या नावाचे मंडळ स्थापन केले. मुराफा यांच्यासह पुढे इतिहासकार झालेले श्तेफान चोबानू, वैद्यकाचे विद्यार्थी डानिएल चुगुरेआनू आणि धर्मशास्त्राचे विद्यार्थी व कवी आलेक्सेई मातेएविची हे या वर्तुळातील होते. युक्रेनियन राष्ट्रवादी विचारांचेही कीव्ह हे केंद्र होते. त्यामुळे साम्राज्यातील भाषिक प्रश्न या तरुणांना जवळून पाहता आला.

मुराफा यांना संगीताचे विशेष अंग होते. लोकगीतांचे गायन ही त्यांच्या कार्याची महत्त्वाची बाजू होती. निरक्षर समाजात गाणे हेच सर्वांत दूरवर पोचणारे माध्यम असते. ज्या भाषेला शाळेत आणि कचेरीत स्थान नाही, ती भाषा व्यासपीठावरून सन्मानाने ऐकू येणे याला स्वतंत्र मूल्य होते.

पत्रकारितेचे कार्य

१९०५ च्या रशियन क्रांतीने वृत्तपत्रांना काही काळ मोकळीक मिळाली. १९०६ मध्ये चिशिनाऊ येथे 'बासाराबिया' हे रुमानियन भाषेतील पत्र सुरू झाले. परंतु १९०७ मध्येच ते बंद पडले. या अनुभवाने पुढील पिढीला सावध केले. १९१३ मध्ये 'कुव्न्त मोल्दोवेनेस्क', म्हणजे 'मोल्दाव्हियन शब्द', हे नियतकालिक निघाले. निकोलाए आलेक्झांद्री, पान हालिप्पा आणि मुराफा हे त्याचे प्रमुख आधार होते. वासिले स्त्रोएस्कू या दानशूर जमीनदारांनी त्यास आर्थिक साहाय्य केले. पुढे त्याच नावाचे वृत्तपत्रही निघू लागले.

हे पत्र सिरिलिक लिपीत, शेतकऱ्याला कळेल अशा बोलीत निघत असे. उघड राजकीय भूमिका घेणे शक्य नव्हते. म्हणून भाषा टिकविणे, वाचक घडविणे आणि गावोगावच्या माणसांना एकमेकांशी जोडणे, एवढ्यावरच भर होता. वरवर पाहता हे कार्य अत्यंत मर्यादित वाटते. तथापि, १९१७ मध्ये झारशाही कोसळली तेव्हा बेसराबियातील मोल्दाव्हियन भाषिकांपाशी चळवळीचे जे काही संघटन होते, ते बव्हंशी या पत्राभोवती जमलेल्या मंडळींचेच होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१९१७ : मागण्या आणि मर्यादा

फेब्रुवारी क्रांतीनंतर परिस्थिती वेगाने बदलली. एप्रिल १९१७ मध्ये 'राष्ट्रीय मोल्दाव्हियन पक्ष' स्थापन झाला. वयोवृद्ध स्त्रोएस्कू त्याचे अध्यक्ष, तर हालिप्पा सरचिटणीस झाले. मुराफा हे पक्षाच्या प्रमुख संघटकांपैकी होते. बेसराबियाला स्वायत्तता, स्वतंत्र प्रांतिक विधिमंडळ आणि शाळा, न्यायालय व प्रशासन यांत लोकांची भाषा, अशा पक्षाच्या मुख्य मागण्या होत्या. येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे. पक्षाच्या कार्यक्रमात रुमानियाशी विलीनीकरणाची मागणी नव्हती. नव्या, लोकशाही रशियाच्या चौकटीतच स्वायत्तता मिळेल, अशी त्या वेळची अपेक्षा होती.

तरीही पक्षावर दोन बाजूंनी टीका झाली. रशियन राष्ट्रवाद्यांना त्यात फुटीरतेचा वास आला. डाव्या गटांना तो जमीनदारांचा पक्ष वाटला. शेतकऱ्याला सर्वप्रथम जमीन हवी होती. शाळेच्या भाषेचा प्रश्न त्याच्यासाठी दुय्यम होता. जुलैमध्ये युक्रेनच्या राडाने बेसराबियावर हक्क सांगितला, तेव्हा हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला. मात्र भाषेच्या क्षेत्रात ठोस प्रगती होत होती. मे महिन्यात शिक्षकांच्या परिषदेने मातृभाषेतील शिक्षण आणि लॅटिन लिपी यांच्या बाजूने कौल दिला. उन्हाळ्यात शिक्षकांसाठी वर्ग भरविण्यात आले. ज्यांनी आपल्या भाषेत कधी शिकवले नव्हते, असे शिक्षक ती लिहायला शिकू लागले.

सत्तेचे विघटन आणि द्राक्षमळ्यातील हत्या

ज्या क्रांतीने मुराफा यांना बोलण्याची मोकळीक दिली, त्याच क्रांतीने सैन्यातील शिस्तीचा पाया उखडला. पेट्रोग्राड सोव्हिएतच्या मार्च १९१७ मधील पहिल्या आदेशाने सैनिकांच्या समित्या निर्माण झाल्या व अधिकाऱ्यांचा अधिकार क्षीण झाला. रुमानियन आघाडीवर रशियाचे सुमारे दहा लाख सैनिक होते. बेसराबिया हा या आघाडीचा पिछाडीचा प्रदेश. उन्हाळ्यातील लष्करी आक्रमण फसल्यानंतर सैनिक तुकड्या सोडून जाऊ लागले. रेल्वेस्थानके, खेडी, मद्याची कोठारे आणि द्राक्षमळे यांच्यावर सशस्त्र टोळ्या धाड घालू लागल्या. हंगामी सरकारने जुलैमध्ये आघाडीवर मृत्युदंड पुन्हा लागू केला, तरी पिछाडीवर कायद्याचा धाक उरला नव्हता. पोलीस यंत्रणा मोडलेली होती आणि तिची जागा घेणारी नागरी दले दुर्बल होती.

२० ऑगस्टची घटना या पार्श्वभूमीवर घडली. शहराच्या सीमेवरील मळ्यात सशस्त्र सैनिक आले, त्यांच्याशी संघर्ष झाला आणि होदोरोजा व मुराफा मारले गेले. या घटनेचे दोन अन्वयार्थ प्रचलित आहेत. पहिल्यानुसार ही नियोजित राजकीय हत्या होती; मुराफा हे राष्ट्रीय चळवळीचे नेते असल्यामुळेच त्यांना लक्ष्य करण्यात आले. दुसऱ्यानुसार ती लुटारू सैनिकांची कृती होती आणि बळी कोण आहे याची त्यांना फिकीर नव्हती. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या रुमानियन लेखनात मारेकऱ्यांचा उल्लेख सर्रास 'बोल्शेव्हिक' असा येतो. परंतु ऑगस्ट १९१७ मध्ये बोल्शेव्हिक अद्याप सत्तेवर आलेले नव्हते आणि शिस्त सोडलेला प्रत्येक सैनिक बोल्शेव्हिक नव्हता. पुढील घटनांच्या प्रकाशात हे विशेषण मागाहून घट्ट झाले, असे मानणे अधिक युक्त ठरते.

विशेष म्हणजे, दुसरा अन्वयार्थ स्वीकारला तरी या मृत्यूचे राजकीय महत्त्व कमी होत नाही. कागदावर स्वायत्तता मागणाऱ्या समाजाजवळ आपल्या नेत्याचे प्राण वाचविण्याइतकेही बळ नव्हते, हे त्या दिवशी उघड झाले. पुढील महिन्यांत मोल्दाव्हियन सैनिकी तुकड्या आणि स्वतःचे विधिमंडळ यांचा आग्रह तीव्र झाला, त्यामागे ही असुरक्षिततेची भावना होती.

स्मृतीचे राजकारण

मुराफा यांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी, २१ नोव्हेंबर १९१७ रोजी, 'स्फातुल त्सारी' या विधिमंडळाचे उद्घाटन झाले. डिसेंबरमध्ये मोल्दाव्हियन प्रजासत्ताक घोषित झाले. जानेवारी १९१८ मध्ये रुमानियन सैन्य आले आणि त्याच महिन्यात स्वातंत्र्याची घोषणा झाली. २७ मार्च १९१८ रोजी विधिमंडळाने रुमानियाशी एकीकरणाचा ठराव केला. ८६ सदस्यांनी बाजूने व ३ सदस्यांनी विरोधात मत दिले; ३६ सदस्य तटस्थ राहिले. मुराफा ज्या चौकटीत काम करीत होते ती चौकट सात महिन्यांत पूर्णपणे बदलली.

१९३३ मध्ये चिशिनाऊ येथे मुराफा, होदोरोजा आणि मातेएविची या तिघांचे एकत्रित स्मारक उभारण्यात आले. मातेएविची हे लष्करी धर्मगुरू म्हणून आघाडीवर असताना टायफसने आजारी पडले व ऑगस्ट १९१७ मध्येच चिशिनाऊ येथे निवर्तले. साथीच्या रोगाने गेलेला कवी, आपल्या मळ्यात मारला गेलेला अभियंता आणि चळवळीचा संघटक, अशा तीन भिन्न मृत्यूंना स्मारकाने एकच अर्थ दिला. जून १९४० मध्ये सोव्हिएत संघाने बेसराबिया ताब्यात घेतला आणि त्याच वर्षी हे स्मारक नष्ट करण्यात आले. सोव्हिएत इतिहासलेखनात राष्ट्रीय मोल्दाव्हियन पक्षाचे कार्यकर्ते 'बूर्ज्वा राष्ट्रवादी' ठरले. एका राजवटीने स्मारक उभारून आणि दुसऱ्या राजवटीने ते पाडून मुराफा यांना केवळ प्रतीक बनविले.

मुराफा यांचा मूळ प्रश्न मात्र कोणत्याच राजवटीत संपला नाही. ३१ ऑगस्ट १९८९ रोजी सोव्हिएत मोल्दाव्हियात लॅटिन लिपी पुन्हा स्वीकारण्यात आली. १९९१ मध्ये मोल्दोवा स्वतंत्र झाला. १९९४ मध्ये मातेएविची यांच्या मातृभाषेवरील कवितेला राष्ट्रगीताचा दर्जा मिळाला. २०२३ मध्ये तेथील संसदेने कायद्यांमधील भाषेचे नाव 'मोल्दाव्हियन' ऐवजी 'रुमानियन' असे केले.

समारोप

सिमियॉन मुराफा यांचे सार्वजनिक जीवन फार तर एका दशकाचे. त्यात सत्तापद नाही. आहे ते विद्यार्थी मंडळ, नियतकालिक, गाणी आणि पक्षसंघटन. त्यांना हुतात्मा म्हणण्याने त्यांच्या मृत्यूकडे लक्ष वेधले जाते. पण त्यांच्या जीवनाकडे दुर्लक्ष होते. विलीनीकरणाचे श्रेय त्यांना देणे हेही त्यांच्या प्रत्यक्ष मागण्यांशी सुसंगत ठरत नाही. त्यांनी मागितली ती स्वायत्तता आणि आपल्या भाषेत शाळा. साम्राज्य कोसळल्यामुळे या मागण्या उघडपणे मांडता आल्या आणि साम्राज्य कोसळल्यामुळेच त्या मांडणाऱ्याचे रक्षण करणारे कोणी उरले नाही. मुराफा यांच्या जीवनाचे आणि मृत्यूचे मर्म या दुहेरी सत्यात आहे. राष्ट्रवादाच्या इतिहासात ध्येयवाद जितका महत्त्वाचा, तितकीच नागरिकाला सुरक्षित ठेवणारी कायद्याची व्यवस्थाही महत्त्वाची, हा निष्कर्ष त्यातून निघतो.