परदेशी विद्यापीठाचा अर्ज : आपल्या मुलखातील तीन दाखले

वरवे बुद्रुक हे भोर तालुक्यातील पुणे-सातारा महामार्गालगतचे गाव. आपल्या पंचक्रोशीतील मुले-मुली पुण्यास जाऊन पदवीधर होतात, हे आता नवलाचे राहिलेले नाही. त्यापुढे परदेशी विद्यापीठात जाण्याचा विषय घरात निघाला म्हणजे वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न पैशाचा असतो, आणि तो रास्तच आहे. तथापि महाराष्ट्रातून पूर्वी परदेशी शिकावयास गेलेल्यांचा इतिहास पाहिला, तर असे दिसते की, अर्ज हा एका दिवसात भरावयाचा कागद नव्हे. हेतू, पैसा आणि दिलेला शब्द या तीन गोष्टींची जुळवाजुळव आधी काही वर्षे करावी लागते. प्रस्तुत लेखात याचे तीन दाखले देत आहे.

पहिला दाखला डॉ. आनंदीबाई जोशी यांचा. कल्याण येथे १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाईंचे मूल अवघ्या दहा दिवसांचे होऊन गेले आणि वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय झाला. टपाल खात्यात नोकरीस असलेले त्यांचे पती गोपाळराव यांनी अमेरिकेतील मिशनरी वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला. धर्मांतर केल्यास साहाय्य होईल, असे उत्तर आले. ही अट या दांपत्याने मानली नाही. मात्र तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापून आला, न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि त्यातून स्नेह जुळला. जातीबंधूंचा विरोध असल्याने आनंदीबाईंनी १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर (बंगाल) येथे जाहीर सभेत आपण अमेरिकेस का जात आहोत, हे सांगितले. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून पतीवाचून निघून त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि त्यानंतर त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. आपले पूर्वशिक्षण तेथील नियमांस पुरे पडणार नाही, हे त्यांनी त्यात लपविले नाही. आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरची किती निकड आहे, हे मात्र स्पष्टपणे मांडले. महाविद्यालयाने प्रवेशही दिला व शिष्यवृत्तीही दिली. हल्ली ज्याला ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणतात, त्याचा याहून उत्तम नमुना मिळणे कठीण. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. परंतु क्षयाने ग्रासून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यास निवर्तल्या. परमुलखातील हवा, आहार व निवास यांचा विचार अर्जाबरोबरच करावा, हेही त्यांच्या चरित्रातून कळते.

दुसरा दाखला रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा. कोकणातील मुर्डी या खेड्यात १८७६ साली जन्मलेला हा मुलगा, नात्यातील महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या आधाराने शिकला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन, हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळवून १८९६ साली ते केंब्रिजला गेले व १८९९ मध्ये गणिताच्या परीक्षेत ‘सीनिअर रँग्लर’ झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. एवढ्या यशानंतर कोणतीही मोठी नोकरी त्यांना सहज लाभली असती. परंतु परत आल्यावर डेक्कन एज्युकेशन सोसायटीची सेवा करावयाची, हे ठरलेले होते. ते परतले, फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले आणि १९०२ मध्ये तेथील प्राचार्य झाले.

तिसरा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा असून हिशेबाच्या दृष्टीने तो सर्वांत बोलका आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ४ जून १९१३ रोजी रीतसर करार झाला. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, ही त्यातील अट. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली एम.ए. होऊन ते १९१६ मध्ये लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. निघताना त्यांनी, चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करीन, अशी परवानगी लंडनच्या विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. त्यांची पुस्तके वेगळ्या बोटीने येत होती. ती बोट महायुद्धात बुडाली. कराराप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले, परंतु अस्पृश्य म्हणून तेथे त्यांना राहावयास जागा मिळेना आणि ती नोकरी सोडावी लागली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून रक्कम शिल्लक टाकली. त्यात छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांची भर पडली. १९२० मध्ये, म्हणजे मुदतीच्या आत, ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली. ज्या प्रबंधावर ती मिळाली, त्याचा विषय होता रुपयाचा प्रश्न. आज पौंड-डॉलरच्या भावाने मुलांच्या फीचा हिशेब करणाऱ्या पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. फी परकीय चलनात आणि कर्ज रुपयांत असेल, तर भाव वाढण्याची तरतूद अंदाजपत्रकात केलीच पाहिजे.

तिन्ही उदाहरणांत पैसा कोणा ना कोणाकडून आला. पण तो हेतू आणि शब्द यांच्या भरवशावर आला. व्यापारात ज्याला आपण पत म्हणतो, तीच ही. या पतीला संस्थेचे रूप जमशेदजी टाटा यांनी १८९२ साली दिले. त्यांच्या निधीतून उच्च शिक्षणासाठी मिळते ती कर्ज-शिष्यवृत्ती. घेणाऱ्याने ती परत करावयाची आणि त्याच पैशावर पुढचा विद्यार्थी जावयाचा. कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या त्या निधीच्या अगदी पहिल्या लाभार्थींपैकी होत. आपल्या समाजातही आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईस स्थापन झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयाने कर्जरूप साहाय्याची हीच रीत चालविली आहे. याउलट सरकारी योजना येतात व जातात. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाला अनुदान देणारी ‘पढो परदेश’ योजना आपल्या मुलांनाही खुली झाली. परंतु २०२२-२३ पासून ती बंद करण्यात आली.

आता आजच्या क्रमाविषयी थोडे. आनंदीबाई आधी बोटीने गेल्या व मग अर्ज केला. आज हे उलटे आहे. आधी प्रवेश, मग पैशाचा पुरावा, मग व्हिसा आणि शेवटी विमानाचे तिकीट. अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या अनेक अभ्यासक्रमांच्या अर्जाची मुदत आदल्या डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास संपते. इंग्रजीच्या आयईएलटीएस वा टोफेल परीक्षेचे गुण दोन वर्षे, तर जीआरईचे पाच वर्षे ग्राह्य धरतात. विद्यापीठाच्या गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रे मिळण्यास वेळ लागतो. ब्रिटनच्या व्हिसासाठी आवश्यक रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. ऐनवेळी उसनी आणून भरलेली रक्कम तेथे चालत नाही. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, मात्र वर्षाच्या निर्वाहखर्चाची रक्कम आधी दाखवावी लागते. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षात धावपळ करण्यापेक्षा दुसऱ्या वर्षापासूनच वही घालावी. कोणते विद्यापीठ, कोणती मुदत, किती खर्च, कोणाकडून किती, हे त्यात नोंदवीत जावे. दुकानाचे भांडवल मोडून किंवा शेती गहाण टाकून घाईने पाठविलेल्या मुलाच्या मनावर पहिल्या दिवसापासून ओझे राहते आणि इकडे घरही हवालदिल होते.

न्यासाच्या पन्नास वर्षांच्या या प्रसंगी एक नम्र सूचना कराविशी वाटते. शिक्षणासाठी एक फिरता निधी असावा. त्यातून दान न देता बिनव्याजी कर्ज द्यावे. ते देण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपला हेतू स्वहस्ते एका पानावर लिहून विश्वस्तांसमोर वाचावा आणि कमवू लागल्यावर मुद्दल परत करण्याचा शब्द द्यावा. रक्कम प्रारंभी लहान असली तरी चालेल. अर्जाचे शुल्क, परीक्षांची फी, पहिल्या प्रवासाचे भाडे एवढे निघाले तरी एका होतकरू मुलाची किंवा मुलीची वाट मोकळी होते. परत आलेल्या मुदलावर पुढच्या वर्षी आणखी एकाला निघता येईल. समाजबांधवांनी या सूचनेचा अवश्य विचार करावा.