थांबवलेली पडझड

कॅलिफोर्नियातील बोडी या गावात मी पोहोचलो तो सप्टेंबरातल्या एका थंड सकाळी. शेवटचे तीन मैल डांबर नाही. समुद्रसपाटीपासून ८,३७५ फुटांवरच्या उघड्या माळावर करडी पडलेली लाकडी घरे उभी आहेत. धुळकट काचेतून डोकावले, तर दुकानाच्या फळ्यांवर डबे तसेच, शाळेत बाके तशीच.

१८५९ मध्ये डब्ल्यू. एस. बोडी याला येथे सोने सापडले. त्याच हिवाळ्यात तो हिमवादळात मरण पावला. खरी झुंबड उडाली ती १८७६ नंतर, स्टँडर्ड खाणीत समृद्ध खनिज लागल्यावर. १८८० च्या सुमारास हजारोंची वस्ती झाली. खनिज कुटणारी लोखंडी मुसळे रात्रंदिवस धडधडत. आजची शांतता पर्यटकाला मोहवते, पण ती या गावाची नव्हे.

१९६२ मध्ये बोडी राज्याचे ऐतिहासिक उद्यान झाले. येथील धोरण 'थांबवलेल्या पडझडी'चे: छप्पर सावरायचे, भिंतीला टेकू द्यायचा, पण घर नवे करायचे नाही. मला हे प्रामाणिक वाटले. मात्र जे उभेच राहिले नाही, त्याची पडझड कशी थांबवणार? १८९२ आणि १९३२ च्या आगींनी बहुतेक गाव गिळले. उरल्या शंभराहून थोड्या अधिक इमारती.

गावाचा नकाशा हातात धरून मी किंग स्ट्रीट शोधली. येथे चिनी वस्ती होती. धुलाईघरे चालवणारे, सरपण विकणारे लोक येथे राहत. आता तेथे बहुतांशी खुरटी झुडपे आहेत. खाणींना लाकूड पुरवण्यासाठी १८८१ मध्ये मोनो सरोवरापलीकडच्या जंगलापर्यंत रेल्वे टाकली गेली, तेव्हा त्या कामावरील चिनी मजुरांना हुसकावण्यासाठी बोडीतून गोऱ्या कामगारांचा जमाव चालून गेला. मजुरांना बोटीने सरोवरातील बेटावर हलवावे लागले. पुढच्याच वर्षी चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला.

खाण कामगार संघटनेचे सभागृह मात्र शाबूत आहे. तेथेच संग्रहालय आहे. ते मी तासभर पाहिले. किंग स्ट्रीटवर पाहण्यासारखे काही नव्हते, म्हणून दहा मिनिटांत परतलो. इतिहासाचा अभ्यासक म्हणवणाऱ्या माझा वेळही आगीने ठरवून दिला होता, हे गाडीत बसल्यावर ध्यानात आले. मी उतरलो आणि पुन्हा त्या झुडपांकडे गेलो.