सोळा वर्णांचे सोने

मिश्रणाची उदाहरणे म्हटली की मुलांचे चेहरे उतरतात. वीस रुपयांचा तांदूळ, तीस रुपयांचा तांदूळ, एकत्र केले तर भाव काय? मुळात कोणता वाणी सांगून सवरून असे करतो, ही त्यांची शंका रास्तच असते. मी कला शाखेचा बी.ए., पण शाळेत गणिताला माणूस नसे म्हणून एकसामयिक समीकरणांचे तास बरीच वर्षे माझ्याकडे होते. तेव्हा मी तांदूळ बाजूला ठेवून सोने घेत असे, तेही पावणेनऊशे वर्षांपूर्वीचे.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 'लीलावती' पूर्ण केली. (त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख तिथल्या देवळात आहे, जमल्यास पाहून या.) 'लीलावती'त सुवर्णगणित म्हणून वेगळा भागच आहे. आपण कॅरट म्हणतो तसे तिथे 'वर्ण' म्हणतात. अस्सल सोने सोळा वर्णांचे. म्हणजे बारा वर्णांचे सोने हे आपले अठरा कॅरट झाले.

त्यातले एक उदाहरण असे. तेरा वर्णांचे १० मासे, बाराचे ४, अकराचे २ आणि दहाचे ४ मासे सोने एकत्र आटवले. प्रत्येकाचा वर्ण गुणिले वजन करून बेरीज घ्या: १३० + ४८ + २२ + ४० = २४०. एकूण वजन २० मासे, म्हणून मिश्रण बारा वर्णांचे. आता हेच शुद्ध करताना १६ मासे उरले तर वर्ण किती? २४० भागिले १६, म्हणजे १५. हीण जळाले, २४० मात्र तसेच राहिले. ते का राहिले हे ज्याला कळले त्याला अख्खे प्रकरण कळले, असे माझे मत आहे. भट्टीत वजन घटते, आतले अस्सल सोने घटत नाही.

पुढचे उदाहरण उलट आहे. सोळा आणि दहा वर्णांच्या दोन गोळ्या मिळून बारा वर्णांचे सोने झाले, तर प्रत्येकीचे वजन किती? आचार्यांची रीत: बारातून दहा वजा करा, उरले २, हा चांगल्या सोन्याचा वाटा. सोळातून बारा वजा करा, उरले ४, हा हलक्याचा वाटा. मुले टाळ्या वाजवत, पण हे असे का होते ते रीत सांगत नाही. ते समीकरण सांगते. चांगले सोने क्ष, हलके य मासे:

१६क्ष + १०य = १२(क्ष + य)

म्हणून ४क्ष = २य. फरक आडवे का जातात ते इथे डोळ्यांना दिसते. पण एवढ्याने वजन मिळत नाही, फक्त प्रमाण मिळते. म्हणूनच आचार्य त्या २ आणि ४ ला कोणत्याही 'इष्ट' संख्येने गुणायची मोकळीक ठेवतात. एकूण वजन पाच तोळे, म्हणजे ६० मासे, असे दुसरे समीकरण दिले की मग उत्तर एकच, २० आणि ४०.

हे गणित आमच्या आळीतल्या सोनारकाकांच्या घरात फार वाईट रीतीने शिरले. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा चांगल्या सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. बावीस कॅरटचे सात तोळे चौदावर आणायचे तर तांबे किती? तांब्याचा वर्ण शून्य धरा, प्रमाण १४ ला ८, म्हणजे चार तोळे. काका ते तोंडी सांगत. पण सात तोळ्यांत चार तोळे तांबे घालून केलेली पाटली घेणार कोण? गिऱ्हाईक तुटले, आणि वर्षभरात ते दुसऱ्याच्या किराणा दुकानात तराजू धरून बसले.

असो. जाता जाता 'वर्ण' या शब्दाची एक गंमत. आचार्यांच्या 'बीजगणिता'त एकाहून अधिक अव्यक्त राशी आल्या की त्या प्रकरणाचे नाव 'अनेकवर्ण समीकरण'. तिथे वर्ण म्हणजे रंग: पहिली राशी यावत्तावत्, पुढच्या काळक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना नुसते या, का, नी, पी. हे वाचल्यापासून मी फळ्यावर क्ष पिवळ्या खडूने आणि य निळ्याने लिहू लागलो. दोन्ही समीकरणांतले पिवळे पद सारखे करून वजाबाकी केली की पिवळा रंग फळ्यावरून नाहीसा होई, आणि मागच्या बाकावरचीही सांगत, "सर, आता निळा एकटाच उरला."