धोंडस

धोंडस हा कोकणातील एक पारंपरिक भाजलेला गोड पदार्थ आहे. पावसाळ्यात वेलीला येणारे तवसे, म्हणजे मोठी जून काकडी, हा त्याचा मुख्य घटक होय. गोव्यात यास तवसळी म्हणतात. फणसाच्या रसाचेही धोंडस करतात.

साहित्य
तवशाचा कीस २ वाट्या, तांदळाचा रवा १ वाटी, चिरलेला गूळ १ वाटी, ओले खोबरे अर्धी वाटी, तूप, वेलची, मीठ.

कृती
तवशाची साल व बिया काढून आधी चव पाहावी. कडू तवसे वापरू नये. कीस पिळू नये, कारण रवा त्याच्याच पाण्यात शिजतो. रवा तुपावर भाजावा. कीस, गूळ, खोबरे व मीठ एकत्र उकळून त्यात रवा घालावा. मिश्रण दाटसर झाल्यावर वेलची घालून ते तूप लावलेल्या जाड बुडाच्या पातेल्यात थापावे.

पूर्वी पातेले मंद चुलीवर ठेवून झाकणावर निखारे पसरत. वरखाली धग लागल्याने दोन्ही बाजू खरपूस होत. ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सियसला सुमारे ४० मिनिटे लागतात. खुपसलेली सुरी कोरडी निघाली की धोंडस झाले असे समजावे. वड्या पूर्ण निवल्यावरच कापाव्यात. गरम असताना त्या मोडतात.